उगाळलेली गोळी

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसाल तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट अर्धीच ऐकलीत तर नुसती भीती पदरात घेऊन घरी जाल. पुरती ऐका. एका साध्या बाईची गोष्ट आहे. देव तीत कुठं कुठं आहे ते मी सांगणार नाही. तुमचं तुम्हाला दिसेल.

तर, महाडला मुलांच्या डॉक्टरांच्या खोलीत रखमा स्टुलावर बसली होती आणि तिच्या गुडघ्याला चिकटून तिची नात दिशा उभी होती. दिशाचे केस आत्ता कुठं कानांवर आले होते. मधले काही महिने ते नव्हतेच. रक्ताचा कर्करोग म्हटल्यावर घराने जे जे पाहायचं ते सगळं पाहून झालं होतं: मुंबईचं इस्पितळ, मणक्यातली सुई, सलाईनच्या बाटल्या, रात्रंदिवसाच्या ओकाऱ्या. आता पोर घरी होती. रोज संध्याकाळी एक गोळी द्यायची, तीही वर्ष-दीड वर्ष, आणि मधून मधून महाडला येऊन रक्त दाखवायचं, असं मुंबईच्या डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं.

महाडच्या डॉक्टर राजश्रींनी रक्ताचा कागद वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. पांढऱ्या पेशी जास्त आहेत, म्हणाल्या. रखमाला बरं वाटलं. जास्त म्हणजे पोरीच्या अंगात रक्त भरलं, असा तिने अर्थ लावला आणि हसून दिशाच्या पाठीवरून हात फिरवला. समोरचं माणूस हसत नाही हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

डॉक्टरांनी मग तिला समजेल असं सांगितलं. आपल्या रक्तातल्या पेशी रोज जुन्या होतात आणि रोज नव्या बांधल्या जातात. बांधायला चिरे लागतात. ही गोळी पोटात गेली की तिचा खोटा चिरा होतो. दिसायला हुबेहूब खऱ्यासारखा. पेशी फसते आणि तो भिंतीत बसवते, आणि मग ती भिंत काही उभी राहत नाही. ज्या पेशीला वाढायची घाई जास्त, ती आधी कोसळते. या रोगाच्या पेशी सगळ्यात घाईच्या, म्हणून हे औषध. पण गोळीला आपलं-परकं कळत नाही. चांगल्या पांढऱ्या पेशीही तिच्यात थोड्या मरतातच. त्या फार उतरल्या तर साधा तापही जिवावर बेततो, आणि उतरल्याच नाहीत तर समजायचं की औषध पुरेसं पोचत नाही, आणि कुठंतरी दडून राहिलेला रोग परत डोकं काढायला मोकळा. म्हणून सारखं रक्त बघून गोळी कमी-जास्त करायची. तारेवरून चालायचं म्हणा ना.

"मी आज गोळी वाढवणारच होते," डॉक्टर म्हणाल्या. "पण आधी मला सांगा आजी, गोळी देतं कोण?"

"मीच देते." रखमा सावरून बसली. लेक सहदेव ट्रकवर, सून वैशाली एमआयडीसीत कामाला. गोळीचं काम तिचंच. "दूध नाय देत वरून. वैशालीने बजावलंय. आणि एक दिवस चुकवली नाय."

"गिळते का दिशा?"

"कसली गिळते, घशाला लागली की उलटून टाकते. मी उगाळून देते. सहाणेवर चार थेंब पाणी, बोटाने दाबून वेढे काढायचे, वर चिमूट साखर, आणि ते बोट हिच्या तोंडात. कण वाया जात नाय."

"आजीचं बोट कडू लागतं," दिशा म्हणाली.

कोपऱ्यात कापूस फाडत उभ्या असलेल्या उज्वला सिस्टरचे हात थांबले.

रबरी हातमोज्यांचा डबा वैशालीने मुंबईहून आणला होता. रखमाने ते एकदा घालून पाहिले आणि काढून ठेवले. आईविना वासराला पाजतात तसं रबराने आपल्या नातीला भरवायचं, हे तिला पटलं नव्हतं. सुनेला मात्र ती घालते म्हणूनच सांगत आली होती. आता ते सगळं एकेक करून बाहेर निघालं. डॉक्टर रागावल्या नाहीत. दगड औषध पितो, म्हणाल्या, पोरीच्या पोटात जातं त्यातलं बरंच दगडातच राहत असणार. म्हणून रक्त असं. या गोळीला उघड्या हाताने शिवायचं नाही आणि तिची भुकटी करायची नाही. भुकटी हाताला लागते, श्वासात जाते, भांड्याला चिकटते.

आणि मग उज्वला सिस्टरने अगदी सहज विचारलं, "आजी, त्या सहाणेवर आणखी काय उगाळता? चंदन, मुलाबाळांची गुटी वगैरे?"

रखमाने दिशाला जवळ ओढलं.

"नाय," ती म्हणाली. "हिची येगळी ठेवलीय."

"मग ठीक. पोटुशी बाई आणि तान्हं मूल, यांच्या वाऱ्यालासुद्धा ही गोळी नको."

आता तुम्हाला रखमा कोण ते सांगायला हवं. कापडे गावाच्या पुढच्या वाडीतली ही बाई उभा जन्म बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालत आली. पाय लांब सोडून पाटावर बसायचं, बाळ नडग्यांवर पालथं घालायचं, तेलाचा हात फिरवायचा, कढत पाण्याचा तांब्या स्वतःच्या पायावर आधी ओतून बघायचा. मग धुरी, आणि धुरीनंतर गुटी. वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग, बदाम. कशाचे किती वेढे ते बाळाचं पोट दाबून ती ठरवायची. सहाण तिची स्वतःची, सासूकडून आलेली. फडक्यात बांधून ती घरोघर नेई. दुसऱ्याच्या सहाणेवर तिचा हात चालत नसे.

आणि त्या दिवसांत ती रोज सकाळी जात होती ते वाडीच्या खालच्या अंगाला, रस्त्याकडेच्या इस्माईलभाईंच्या घरी. त्यांची सून मेहविश बाळंतीण होती. मुलगा हमजा दुबईला. त्याला मुलगी झालेली. संध्याकाळी दिशाची गोळी, सहाण पाण्याने धुऊन पालथी, सकाळी तीच फडक्यात बांधून मेहविशच्या लेकीची गुटी. वीस-बावीस दिवसांच्या त्या जिवाला.

घाईची वाढ, डॉक्टर म्हणाल्या होत्या. जे घाईने वाढतं ते आधी कोसळतं. तान्ह्या पोरापेक्षा घाईने काय वाढतं?

महाड-पोलादपूर एसटीत दिशा खिडकीला नाक लावून बसली होती आणि रखमाला तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तिला तीन दिवसांपूर्वीची हमजाची लेक दिसत होती. पातळ शी झालेली. सलमा, हमजाची आई, म्हणाली होती, पोरीचं पोट बिघडलंय गो. आणि रखमाने, आपल्याच हाताने, मुरुडशेंगेचे दोन वेढे जास्त दिले होते. त्याच दगडावर.

संध्याकाळी देवळात सप्ताहाचं कीर्तन होतं. दिशाला गर्दीत न्यायची नाही, म्हणून ती आईपाशी राहिली. रखमाने मात्र कीर्तन कधी चुकवलं नव्हतं. तिची जागा बुवांच्या अगदी समोर. न गेली असती तर बायका विचारायला घरी आल्या असत्या. गेली. वीणा लागला, टाळ लागले, आणि बुवांनी नेमकं गोकुळातलं आख्यान लावलं. गोड रूप घेऊन, फुलं माळून ती आली, बाळाला मांडीवर घेतलं, म्हणाली मी तुझी मावशी, आणि पाजलं ते विष. बुवा तिचा आवाज काढायला लागले तशा बायका हसू लागल्या. रखमाच्या कानांत टाळ वाजत होते की तिचं रक्त, तिला कळेना. सगळं देऊळ आपल्याकडेच बघतंय असं वाटून ती उठली आणि खाली मान घालून बाहेर पडली.

थोडी थांबायला हवी होती हो. बुवांनी पुढं सांगितलं. देवाने तिचं विष बघितलं नाही, तिनं पदराखाली घेतलं तेवढं बघितलं आणि तिलाही आईची गती दिली. तिथं भल्याभल्यांचे डोळे भरले. पण तेवढं ऐकायला रखमा नव्हती. ती घरी, चुलीपुढं, सहाण मांडीवर घेऊन बसली होती. दगडाच्या मधोमध इतक्या वर्षांच्या वेढ्यांनी खळगा पडला होता. तिने तो राखेने घासला, खोबऱ्याच्या काथ्याने घासला. वास घेतला. वेखंडाचाच वास येत होता.

मनात दोन आवाज होते. एक म्हणत होता, गप्प राहा. काय जाणार तान्हीच्या पोटात, पाण्याने धुतलेला दगड. आणि सांगितलंस तर या पंचक्रोशीत कुणी तुझ्या पायावर मूल ठेवणार नाही. दुसरा काहीच म्हणत नव्हता. नुसती ती पोर दाखवत होता.

सकाळी ती इस्माईलभाईंच्या घरी गेली ती हात हलवत. परसात पाणी तापलेलं, थंडीने वाफा दाटलेल्या. मेहविशने सवयीने बाळ तिच्याकडे दिलं. रखमाने ते पायावर घेतलं नाही. उंबऱ्यावर बसून पदराखाली धरलं आणि त्याचे तळहात उघडून बघितले. फिक्कट वाटले. मग वाटलं, काल असेच होते. मग वाटलं, आपल्याला काय कळतंय.

"काकी, गुटीचं बोचकं इसरलात?" मेहविश म्हणाली.

"इसरले नाय." तिने बाळाची मूठ मिटवली. "सलमा, इकडं ये गो जरा. दोघी बसा."

आणि तिने सांगितलं. फिरवून नाही, रडून नाही. दिशाची गोळी कसली, ती रक्ताला काय करते, ती आपण कशावर उगाळत होतो, आणि त्याच दगडावरचं काय तुमच्या पोरीच्या तोंडात गेलं. काल सिस्टरने विचारलं तेव्हा आपण खोटं बोललो, हेही सांगितलं.

सलमा उठली. पुढं झाली आणि रखमाच्या पदराखालून बाळ उचलून घेतलं. उचलताना तिचा हात रखमाच्या हाताला लागला तो गार होता. मेहविशला आधी समजलंच नाही. ती सासूच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग एकदम फोन शोधायला लागली. हमजाला फोन लावते म्हणाली. सलमाने तिला थांबवलं. तिकडं तो कामावर उभा असेल, त्याला काय करता येणार, नुसता जीव टांगणीला लागेल.

इस्माईलभाई टेम्पो पुसत होते. त्यांना बाहेर जाऊन सलमानेच सांगितलं. ते आत आले नाहीत. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज तेवढा आला.

रखमा तशीच उंबऱ्यावर होती. जावं की थांबावं, कळत नव्हतं. मेहविश बाळ घेऊन पुढं बसली. सलमा मागं चढता चढता वळली.

"चल तू पण," ती म्हणाली. "डॉक्टर इचारेल ते तूच सांगशील. आम्हाला काय ठाव हाय?"

महाडपर्यंत टेम्पोच्या मागच्या बाजूला दोघी बायका समोरासमोर बसल्या होत्या. रखमाच्या पिशवीत फडक्यात बांधलेली सहाण. निघताना घरी धावत जाऊन तिने ती उचलून आणली होती. वळणावळणाला ती पिशवी पायावर आपटत होती. सलमाचे ओठ सारखे हलत होते. रखमाचेही हलत होते. कोण काय म्हणत होतं ते देवालाच ऐकू गेलं असेल, आणि त्याने ते वेगवेगळं ऐकलं असेल असं मला तरी वाटत नाही.

डॉक्टर राजश्रींनी सगळं ऐकून घेतलं. किती दिवस, रोज किती, सहाण धुतली कशी, बाळ दूध ओढतं का, शी कशी, ताप आहे का. मुंबईच्या डॉक्टरांना फोन झाला. दगडात मुरलेलं किती आणि बाळाच्या पोटात गेलेलं किती हे कुणीच सांगू शकत नाही, त्या म्हणाल्या. थोडंच असावं. पण नुसत्या अंदाजावर बसायचं नाही. आज रक्त बघू, काविळीचं बघू. मात्र हे औषध रक्तात आपली खूण उशिरा दाखवतं, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा. तोवर ताप आला, पोर सुस्त पडली, दूध सोडलं, अंगावर लाल-निळे ठिपके दिसले, तर घरी वाट बघत बसायचं नाही. आणि गुटी बंद. आईचं दूध, बस.

सुई टोचताना बाळ किंचाळलं. रखमा बाहेर पायरीवर होती. तिने कान झाकले नाहीत.

उज्वला सिस्टर बाहेर आली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसली. हाताला मोजे होते. तिने पिशवीतली सहाण काढली, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळली, औषधाचा धोक्याचा कचरा टाकतात त्या वेगळ्या पिशवीत घातली आणि गाठ मारली. "ही आता परत नाही मिळायची आजी."

"नको," रखमा म्हणाली. "काल खोटं बोलले मी तुमच्याशी."

"कळलं होतं थोडं."

"मग बोलला नाय?"

सिस्टरने पिशवीची गाठ पुन्हा आवळली. "सकाळी तुमच्या वाडीच्या आशाताईला फोन करणारच होते. तेवढ्यात तुम्हीच आलात."

त्या दिवशीचा कागद चांगला आला. पण त्याने कुणाचंच मन ठरलं नाही, कारण खरा कागद पुढचा होता.

त्यानंतरचे दिवस रखमाने कसे काढले ते विचारू नका. तिच्या दारातून इस्माईलभाईंच्या घराचे पत्रे दिसत. ती कान लावून असे. बाळ रडलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. रडतंय, म्हणजे अंगात जोर आहे. उगी राहिलं की हातातलं काम थांबायचं. शेजारणींना वाटे, बाई भ्रमली. बातमी तोवर वाडीभर झाली होती. कुणी तोंडावर बोललं नाही, फक्त पाणवठ्यावर एकीने हसत हसत म्हटलं की आता गुटी मागायची तर आधी महाडचा दाखला आणायला लागेल काय. रखमाने हंडा भरला आणि निघाली.

संध्याकाळी मात्र भीतीला बाजूला बसवून ठेवायला लागे, कारण गोळीची वेळ टळून चालणार नव्हती. उज्वला सिस्टरने शिकवलेली रीत होती. हातमोजे घालायचे. बिनसुईची मोठी सिरिंज, तिचा दट्ट्या काढून गोळी आत टाकायची, दट्ट्या बसवायचा, थोडं पाणी ओढून घ्यायचं, टोक झाकून हलवत राहायचं. गोळी आतल्या आतच विरघळते. भुकटी ना उडत, ना हाताला लागत. मग ती गालाच्या आतून हळू सोडायची, पुन्हा पाणी ओढून तेही पाजायचं. सिरिंज आणि मोजे वेगळ्या पिशवीत. शेवटी साबणाने हात. पहिल्या दिवशी रखमाला दट्ट्या बसवता येईना, तेव्हा वैशालीने तिचे हात धरून दाखवलं. वैशालीने सासूला एका शब्दाने टोचलं नाही. मोजे मात्र रोज स्वतः काढून समोर ठेवत होती.

"आजी, तू डॉक्टरीण दिसतेस," दिशा म्हणाली.

"गप गो. तोंड उघड."

"आता कडू बोट नाय."

एका सकाळी बाळाचा आवाज आला नाही. रखमा दाराशी गेली. टेम्पो जागेवर नव्हता. आजच दुसरं रक्त, हे तिच्या ध्यानात होतं, तरी ती पुन्हा पुन्हा रस्त्याकडे बघून आली. तिने भात चुलीवर ठेवला आणि उतरवला नाही. करपल्याचा वास शेजारी गेला. देवापुढं बसली तर नाव आठवेना; इतकी वर्षं घेतलेलं नाव. नुसती हात जोडून बसली.

दुपार कलताना टेम्पो आला. थांबला. कुणीतरी चढण चढून येत होतं. सलमा होती. दम लागला होता. अंगणात उभी राहिली, आत आली नाही.

"चांगलं हाय," एवढंच म्हणाली आणि माघारी वळली. चार पावलांवर थांबून पुन्हा म्हणाली, "सगळं चांगलं हाय रक्त."

ती दिसेनाशी झाल्यावर रखमा अंगणात बसली ती उन्हं जाईपर्यंत उठली नाही.

दिशाचंही रक्त पुढच्या वेळी हवं तसं खाली आलं. गोळी वाढवावी लागली नाही. अजून वर्षभर वाट आहे. पुढचं कुणी सांगितलंय? पण औषध आता पोरीलाच पोचत होतं, दगडाला नाही.

इस्माईलभाईंच्या नातीला सव्वा महिना झाला त्या दिवशी सलमा पुन्हा चढण चढून आली. या वेळी आत आली, खाली बसली. पदराखालून कागदात गुंडाळलेलं निळ्या काठाचं लुगडं काढलं, वर नारळ ठेवला. न्हाऊ घालणारणीला सव्वा महिन्याला द्यायचा मान तो.

रखमाने हात मागं घेतला. "पुरं कुठं केलं मी?"

सलमाने नारळ उचलून बाजूला ठेवला. "पोर तुझ्या हातात परत देईन असं नाय. खोटं कशाला बोलू. मेहविश तर तुझं नाव काढलं तरी दचकते." तिने लुगडं रखमाच्या मांडीवर ठेवलं आणि सारखं केलं. "पण हे तुझं हाय. त्याला कुणाच्याने नाय म्हणवत नाय."

मग दोघींनी चहा घेतला. थंडीचं बोलल्या, पावट्याचं बोलल्या. जाताना सलमाने दिशाच्या केसांवरून हात फिरवला.

त्यानंतर रखमाला न्हाऊ घालायला कुणी बोलावलं नाही. तिनेही कुणाला विचारलं नाही. दिशाला रक्त दाखवायला महाडला न्यायची असली की पहाटे उठून ती ते निळ्या काठाचं लुगडं नेसते. निऱ्या नीट घालते, पदर घट्ट खोवते, आणि नातीचं बोट धरून फाट्यावर एसटीची वाट बघत उभी राहते. अंगावर लेकरू घेऊन कुणी बाई आली तर दोन पावलं बाजूला होऊन तिला जागा करून देते.

आता तुम्ही घरी जाल, देवापुढं हात जोडाल. आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की एक श्वास मागं राखा. कापड्याच्या पुढच्या वाडीतली रखमा, एवढं म्हटलं तरी पुरे. त्याला पोचेल.